जुनी प्रत, नवी प्रत : डेबियन वितरणातील ब्राउझरच्या पाठाचा इतिहास

इतर गोष्टी समान असतील तर जी प्रत जुनी ती अधिक प्रमाण, हा ग्रंथसंपादनाचा परिचित नियम होय. खानदेशातील अभ्यासकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेने १९०५ साली शंकर श्रीकृष्ण देव यांच्या संपादनाखाली दासबोध प्रसिद्ध केला, तो कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगावच्या प्रतीवरून. ज्यांनी धुळ्यातच १९२६ च्या अखेरीस देह ठेवला त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीचा जो पाठ छापला, त्याचेही सारे समर्थन प्रतीच्या प्राचीनत्वावर उभे होते. नंतरच्या लेखकाचा हात जितका कमी लागला तितका पाठ शुद्ध, ही या दोन्ही उद्योगांमागची श्रद्धा.

आज जळगावच्या वा धुळ्याच्या विद्यार्थ्याचे बहुतेक वाचन ज्याच्या आधाराने होते, त्या ब्राउझरला मात्र हा नियम लागू पडत नाही. ब्राउझर हीदेखील माणसांनी लिहिलेली एक संहिताच आहे. तिच्याही प्रती निघतात, त्या हातोहाती फिरतात, त्यांत फेरफार होतात, आणि मूळ कर्ता व अंतिम वाचक यांच्यामध्ये नकलकारासारखा एक वर्ग उभा असतो. फरक एवढाच की येथे जुनी प्रत ही घातक प्रत असते. हे साधे सत्य मान्य करावयास लिनक्सच्या एका प्रमुख वितरणाला जवळजवळ वीस वर्षे लागली. ती वाटचाल येथे मांडावयाची आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु पाठ बदलण्याचा अधिकार कोणाचा, आणि बदललेल्या पाठाला मूळचे नाव लावावे काय, हे दोन्ही प्रश्न आपल्याच घरचे आहेत. शिवाय या इतिहासाचे एक प्रकरण प्रत्यक्ष मराठी अक्षरांचे आहे.

डेबियन या वितरणाची घोषणा इयान मरडॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. वितरण म्हणजे लिनक्सचा गाभा व त्याच्याबरोबर लागणारे हजारो प्रोग्रॅम एकत्र बांधून, परस्परांशी जुळवून, एका नावाखाली लोकांच्या हाती देणे. अशा प्रत्येक बांधलेल्या प्रोग्रॅमला पॅकेज म्हणतात, आणि ते सांभाळणाऱ्याला मेन्टेनर. डेबियनमध्ये हे मेन्टेनर बहुतांशी स्वयंसेवक असतात. मूळ प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला नसतो. तो घ्यावा, वितरणाच्या नियमांत बसवावा, दोष आढळल्यास दुरुस्त करावा, ही त्यांची वृत्ती. डेबियनचे महत्त्व केवळ डेबियनपुरते नाही. २००४ साली निघालेले उबुंटू आणि सी-डॅकने चेन्नई येथे तयार केलेले, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण, ही दोन्ही याच घराण्यातील. तेव्हा डेबियनच्या मेन्टेनरांनी घेतलेला निर्णय पुष्कळदा नाव न सांगताच आपल्या प्रयोगशाळांपर्यंत येऊन पोहोचतो. इंटरनेट मंद होते त्या काळात तो टपालानेही येई. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकाबरोबर तबकड्या मिळत, आणि उबुंटूच्या तबकड्या तर २००५ ते २०११ या काळात मागणी केल्यास विनामूल्य घरपोच येत.

डेबियनच्या तीन शाखांपैकी ‘स्टेबल’ म्हणजे स्थिर ही तिची प्रतिष्ठेची शाखा. येथे ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ नीट घेतला पाहिजे. जे बिघडत नाही ते, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहेच. पण मुळातला अर्थ ‘जे बदलत नाही ते’ असा आहे. एकदा आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिच्यातील प्रत्येक पॅकेज गोठते. पुढे मूळकर्त्याने कितीही नवे काढले तरी स्थिर शाखेत ते येत नाही. सुरक्षेचा दोष उघडकीस आल्यास नव्या आवृत्तीतील नेमकी ती दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या संहितेत बेतून बसवावयाची. या कामाला ‘बॅकपोर्टिंग’ म्हणतात. ६ जून २००५ रोजी आलेल्या ‘सार्ज’ या आवृत्तीत फायरफॉक्स १.०.४ होते. त्यानंतर मोझिलाने १.०.५ पासून १.०.८ पर्यंतच्या आवृत्त्या काढल्या आणि एप्रिल २००६ मध्ये ती मालिकाच बंद केली. डेबियनच्या पॅकेजावरचा आकडा मात्र १.०.४ हाच राहिला. त्याच्या शेपटाला जोडलेल्या ‘सार्ज’ या शब्दापुढचा क्रमांक तेवढा वाढत गेला. अंगावर पदर चढत गेलेल्या पोथीचे मुखपृष्ठ तेच राहावे, तसा हा प्रकार.

लहान प्रोग्रॅमच्या बाबतीत ही रीत उत्तम चालते, आणि आजही चालते. ब्राउझरच्या बाबतीत ती मोडली, याची कारणे दोन. पहिले, ब्राउझरची संहिता कोटींच्या घरात ओळी असलेली. दुसरे, ब्राउझर हा स्वभावतःच परक्याचे वाचणारा प्रोग्रॅम आहे. ज्याला आपण ओळखत नाही अशा कोणीही लिहिलेला मजकूर, चित्र, आज्ञावली तो दिवसभर उघडत असतो. त्यामुळे त्यातील दोष हा उघड्या दारासारखा ठरतो. आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोष कोठे होता हेही जगाला कळते. दुरुस्ती हीच चोराला दाखवलेली वाट होय. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याचा धोका दुरुस्तीच्या दिवशी कमी होत नाही, उलट वाढतो.

मेन्टेनराने मूळ पाठात हात घालणे हे वाईटच, असा ग्रह येथे होण्याचा संभव आहे. मराठी वाचकाने तरी तो करून घेऊ नये. २००४ ते २००८ या काळात मोझिलाने स्वतः बांधून दिलेल्या लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये देवनागरीची जुळणी नीट होत नसे. युनिकोडात ऱ्हस्व वेलांटी ही व्यंजनानंतर साठवलेली असते, आणि दाखवताना ती व्यंजनाच्या आधी आणावी लागते. हे आणण्याचे काम करणारा ‘पँगो’ नावाचा ग्रंथसंग्रह लिनक्सवर उपलब्ध होता. पण मोझिलाच्या बांधणीत तो जोडलेला नव्हता. परिणाम असा की ‘जळगाव’ हे नाव सरळ दिसे, कारण त्यात काही मागेपुढे करावयाचे नाही. ‘अहिराणी’ या शब्दातील वेलांटी मात्र ‘ह’ ओलांडून ‘रा’ला जाऊन चिकटे, आणि ‘महाराष्ट्र’ या शब्दात हलन्तांच्या काट्या उघड्या पडत. फेडोरासारख्या वितरणांनी आपल्या पॅकेजात पँगो जोडून फायरफॉक्स बांधले. काही आवृत्त्यांत ही सोय आपोआप चाले, काहींत ‘मोझ-एनेबल-पँगो’ या अर्थाची एक खूण वापरणाऱ्याला स्वतः लावावी लागे. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कोठे मूळकर्त्याच्या बांधणीत ही गोष्ट रूढ झाली. पुढे हे काम ‘हार्फबझ’ या नव्या यंत्रणेकडे गेले. तिचे नाव फारसीतील अक्षर या अर्थाच्या ‘हर्फ’ आणि उघडा या अर्थाच्या ‘बाज’ या शब्दांपासून बनवले आहे, ही भाषाभ्यासकांसाठी जाता जाता नोंद.

टंकांचीही गोष्ट अशीच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आणले, आणि ते वितरणांतून सर्वत्र गेले. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’ची खूण हिंदीला लागत नाही, मराठीला लागते, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी. अशा बाबी मूळकर्त्याच्या ध्यानी येण्यास वेळ लागतो. मधल्या माणसाला त्या आधी कळतात, कारण तो वाचकाच्या जवळ असतो. सांगावयाचे ते हे की, चार वर्षे लिनक्सवर मराठी नीट वाचता आली ती मूळ पाठामुळे नव्हे, तर पाठभेदामुळे.

नेमका याच काळात पाठभेदाच्या अधिकारावरून वाद झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये मोझिलाच्या वतीने माइक कॉनर यांनी डेबियनकडे लेखी हरकत नोंदवली. फायरफॉक्स हे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. ते वापरावयाचे तर त्याबरोबरचे अधिकृत चित्रही वापरावे, आणि संहितेत केलेल्या फेरफारांना आमची संमती घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. डेबियनची अडचण दुहेरी होती. ते चित्र मुक्त परवान्याखाली नव्हते, म्हणून १९९७ च्या आपल्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार डेबियनला ते घेता येईना, आणि त्याच्या जागी कोल्ह्याविना नुसता पृथ्वीगोल दिला जाई. त्याहून गंभीर अडचण अशी की, मूळकर्त्याने सोडून दिलेल्या जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या करावयाच्या तर प्रत्येक वेळी संमती मागत बसणे स्थिर शाखेला परवडणारे नव्हते.

या वादात दोन्ही बाजूंना न्याय आहे, असे माझे मत आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असा निषेध शेवटी लिहून ठेवला. मोझिलाची भूमिका त्याच जातीची आहे. आपल्या नावाखाली दुसऱ्याचे दोष खपू नयेत, ही कर्त्याची इच्छा अवाजवी म्हणता येत नाही. परंतु एकनाथांनी स्वतः जे केले तेही पाठातील हस्तक्षेपच होते, हे विसरून कसे चालेल? डेबियनने मार्ग काढला तो नामांतराचा. अग्नीच्या जागी बर्फ आणि कोल्ह्याच्या जागी वीझल हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी घालून ‘आइसवीझल’ असे नाव तयार झाले. त्याच साच्यात थंडरबर्डचे ‘आइसडव्ह’ व सीमंकीचे ‘आइसेप’ झाले. विरुद्धार्थी पूर्वपद घेऊन केलेली ही समासरचना मोठी मौजेची आहे. ‘हे ते नव्हे, पण त्याचेच आहे’ एवढा सगळा आशय तिने एका शब्दात बांधला. ८ एप्रिल २००७ च्या ‘एच’ आवृत्तीपासून डेबियनचा वाचक आइसवीझल वापरू लागला.

मोझिलाची भीती निराधार नव्हती, हे लवकरच दिसून आले. दिसले ते ब्राउझरमध्ये नव्हे, शेजारच्या घरी. गुप्तलेखनाचे काम करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजात डेबियनच्या बाजूने २००६ मध्ये एक बदल झाला होता. तपासणी करणारे साधन काही ओळींविषयी तक्रार करीत होते, म्हणून त्या ओळी काढल्या गेल्या. यादृच्छिक संख्या निर्माण होण्यासाठी जी सामग्री लागते ती त्याच ओळींतून येत असे. त्या गेल्यावर उरला तो केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याची शक्य मूल्ये फार तर ३२,७६८. जी किल्ली अगणितांपैकी एक असावयाची ती बत्तीस हजारांतील एक झाली. लुचियानो बेल्लो यांना हा दोष सापडला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. दीड वर्षाहून अधिक काळ डेबियन व उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या जगभर टाकून द्याव्या लागल्या. लेखकाने निरर्थक वाटणारे शब्द गाळावे आणि तेच श्लोकाचे मर्म असावे, अशी ही गत. पँगोची जोडणी व या ओळींची वगळणूक, दोन्ही कृती सद्भावाने केलेल्या, दोन्ही मधल्या माणसाच्या. भेद एवढाच की पहिलीचा परिणाम डोळ्यांना दिसत होता, दुसरीचा दिसत नव्हता.

पुढची कलाटणी मूळकर्त्याच्या वेगामुळे आली. मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ५. तेथून दर सहा आठवड्यांनी, आणि २०२० पासून दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती, असा क्रम सुरू झाला. संस्थांची ओरड झाली तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये मोझिलाने दीर्घ आधाराची, ईएसआर नावाची स्वतंत्र मालिका जाहीर केली. तिची पहिली आवृत्ती दहावी होती. साधारण वर्षभर एकच आवृत्ती धरून तीत फक्त दुरुस्त्या द्यावयाच्या, असे तिचे स्वरूप. मे २०१३ च्या ‘व्हीझी’बरोबर डेबियनने हीच आवृत्ती दिली, आणि पुढच्याच महिन्यात सुरक्षा-गटाने जाहीर केले की ब्राउझरच्या बाबतीत यापुढे बॅकपोर्टिंग होणार नाही, स्थिर शाखेतही ईएसआरच्या नव्या नव्या आवृत्त्या जशाच्या तशा येतील. निवेदन थोडक्यात होते. पण ज्या शाखेच्या नावातच न बदलण्याचे वचन होते, तिने एका पॅकेजापुरते ते वचन येथे मागे घेतले. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या वाचकाने ही स्थिर आवृत्ती वापरता वापरता ईएसआरच्या १०२, ११५, १२८ आणि १४० अशा चार पिढ्या पाहिल्या.

वादाचा पाया त्यामुळे आपोआपच खचला. जुन्या पाठात स्वतःच्या दुरुस्त्या करावयाच्याच नाहीत, तर संमतीचा प्रश्न उरतो किती? चित्राचा परवानाही एव्हाना बदलला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये उभय पक्षांचे एकमत झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्थिर शाखेत ‘फायरफॉक्स-ईएसआर’ हे नाव परतले. आइसवीझल नऊ वर्षे जगले.

नवी प्रत घ्यावयाची असे ठरवल्याने सगळे सोपे झाले, असे मात्र नाही. प्रत उतरवून घ्यावयास शाई व कागदही त्या जातीचे लागतात. क्रोमियमच्या बाबतीत हे प्रथम तीव्रतेने जाणवले. ३१ जानेवारी २०१५ रोजी डेबियनने व्हीझीतील क्रोमियमचा सुरक्षा-आधार बंद केला. मूळ संहिता आता नव्या कंपायलरची अपेक्षा करीत होती, आणि स्थिर शाखेतील कंपायलर गोठलेला होता. गोठलेल्या घरात एकच जिवंत वस्तू ठेवता येत नाही. ती आपल्याबरोबर सोबत मागते. फायरफॉक्समध्ये ‘रस्ट’ या भाषेचा वापर वाढला तेव्हा डेबियनने वेगळी युक्ती केली. ब्राउझर बांधण्यापुरता नवा रस्ट-कंपायलर स्थिर शाखेतही आणला, आणि पुढे तर त्यासाठी ‘रस्टसी-मोझिला’ असे स्वतंत्र पॅकेजच ठेवले, म्हणजे बाकीच्या घराला त्याचा स्पर्श नको. या कामाचे श्रेय फारसे कोणी देत नाही. परंतु २०१८ नंतर स्थिर शाखेला सुरक्षित फायरफॉक्स मिळाले ते यामुळे.

प्रत खरी कशावरून, हा प्रश्न राहिला. एचपासून, म्हणजे २००७ पासून, डेबियनने सहीची पद्धत पक्की केली. प्रत्येक पॅकेजाचा एक गणिती ठसा काढतात. सर्व ठसे एका यादीत, त्या यादीचा ठसा एका मुख्य पत्रकात, आणि त्या पत्रकावर वितरणाची सही. एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. यामुळे प्रत कोणत्या हातांतून आली हे गौण ठरते. मुंबईच्या साठ्यातून येवो, की कोणी धुळ्याहून जळगावला एस.टी.ने पेनड्राइव्हवर आणो, सही पडताळली की काम झाले. अर्थात पडताळणारा प्रोग्रॅमही माणसांनीच लिहिलेला असतो. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ‘एपीटी’ या साधनातच असा दोष निघाला की वाटेत बसलेला मनुष्य खोटे पॅकेज खपवू शकेल, आणि तेव्हा सर्वांना आधी तेच साधन जपून अद्ययावत करावे लागले.

सहीपुढे आणखी एक सूक्ष्म अडचण आहे आणि ती आपल्या आरंभीच्या नियमाला थेट भिडते. सही सांगते की प्रत अस्सल आहे. ती ताजी आहे असे सांगत नाही. गतवर्षीचे मुख्य पत्रक, गतवर्षीची यादी आणि गतवर्षीचा ब्राउझर, तिन्ही खऱ्या सहीनिशी कोणी पुढे केले तर पडताळणी निमूटपणे उत्तीर्ण होते. म्हणून सुरक्षा-साठ्याच्या पत्रकावर ‘अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ अशी ओळ घातलेली असते. ती उलटल्यावर साधन ते पत्रक नाकारते. अस्सल असूनही केवळ वयामुळे प्रत अग्राह्य, ही कल्पना देवांना वा राजवाड्यांना चमत्कारिक वाटली असती.

अलीकडे मूळकर्ता मधल्या माणसाला ओलांडून सरळ वाचकाकडे येऊ लागला आहे. उबुंटूने २०१९ मध्ये क्रोमियम आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फायरफॉक्स ‘स्नॅप’ या बंदिस्त पेटीत घालून देण्यास आरंभ केला. फायरफॉक्सची ती पेटी मोझिलाच भरते. जानेवारी २०२४ मध्ये, फायरफॉक्स १२२ पासून, मोझिलाने डेबियन-पद्धतीच्या पॅकेजांचा स्वतःचा साठाही उघडला. दुरुस्ती निघाल्यापासून वाचकाच्या हाती पडेपर्यंतचा काळ त्यामुळे घटतो, आणि धोका त्या काळातच असतो हे वर आलेच आहे. मात्र पँगोसारखा प्रसंग पुन्हा उद्भवला, म्हणजे एखाद्या लिपीची अडचण मूळकर्त्याच्या दृष्टीस पडली नाही, तर ती मध्येच दूर करणारा हात या मार्गावर राहत नाही. डेबियनमध्ये मराठी मुखवट्याचे पॅकेज वेगळे असते, आणि ते ब्राउझरच्या त्याच आवृत्तीशी जखडलेले असते. ब्राउझर पुढे सरकला की मराठीलाही त्याच दिवशी सरकावे लागते. जे वाक्य अनुवादकांकडून राहिले ते इंग्रजीत दिसते, आणि तसे दिसले तरी चालेल पण जुना ब्राउझर नको, असा तो निर्णय आहे. मला तो योग्य वाटतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सहीने वा पेटीने सुटणारी नाही. गूगलने लिनक्सवरील ३२-बिट क्रोम मार्च २०१६ मध्येच बंद केले. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठापना नाही. फायरफॉक्स १४४ ही अशा लिनक्स यंत्रांसाठीची अखेरची नियमित आवृत्ती ठरली, आणि ईएसआर १४० ला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या देण्याचे मोझिलाने जाहीर केले. अनुदानातून आलेले यंत्र महाविद्यालयात पंधरा-पंधरा वर्षे काम देते; ते टाकून देण्यासारखे झालेले नसते, आणि त्याच्या पडद्यावर ‘अहिराणी’ हा शब्द आता निर्दोष उमटतो. अशी यंत्रे वाचनासाठी ठेवावयाची असतील तर ती जाळ्यापासून तोडून, केवळ साठवलेल्या ग्रंथांच्या वाचनापुरतीच ठेवावी लागतील.